कौत्साने मागितले तेवढेच

आश्विन शुद्ध दशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी आरंभिलेल्या कार्यास निराळा मुहूर्त पाहावा लागत नाही, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. सायंकाळी सीमोल्लंघन करून परतल्यावर आपण वडीलधाऱ्यांच्या हाती आपट्याचे पान ठेवतो आणि त्यास सोने म्हणतो. या सोन्याची कथा घराघरांत सांगितली जाते. पण ती मुळात एका विद्यार्थ्याच्या खर्चाची कथा आहे, हे सांगताना बहुधा आपल्या ध्यानात येत नाही.

वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स. विद्या पूर्ण होताच गुरुदक्षिणेसाठी त्याने हट्ट धरला. गुरूंना काही नको होते. पण शिष्य ऐकेना, तेव्हा त्यांनी चौदा विद्यांच्या चौदा कोटी सुवर्णमुद्रा आणण्यास सांगितले. कौत्स रघुराजाकडे गेला, तो राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले, अर्घ्यपात्रही मातीचे. कौत्स परत निघाला असता राजाने त्यास थांबवून घेतले आणि धनासाठी कुबेरावर स्वारीची सिद्धता केली. रात्रीत सुवर्णवृष्टी झाली. राजा म्हणे, सर्व ने. कौत्स म्हणे, चौदा कोटींहून एक मुद्राही अधिक नको. उरलेले सोने लोकांनी लुटले, असे लोककथा सांगते.

ही कथा गतवर्षीच्या नवरात्रात आम्हांस फार निराळ्या प्रकारे आठवली, आणि तिचे निमित्त झाला एक लॅपटॉप.

आमचे वडीलबंधू शाहूवाडी तालुक्यातील मलकापूर येथे राहतात. कोल्हापुराहून रत्नागिरीकडे जाताना आंबा घाटाच्या अलीकडे लागणारे, पूर्वी विशाळगडकर पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे असलेले हे गाव वाचकांस ठाऊक असेल. तेथे बंधूंचे किराणा मालाचे लहानसे दुकान आहे. त्यांच्या कन्येस त्या वर्षी कोल्हापुरात संगणक अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला, ती वसतिगृहात राहू लागली, आणि घटस्थापनेस घरी आली ती एक कागद घेऊनच. कागदावर लॅपटॉपचे नाव व किंमत होती : ९४ हजार रुपये.

बंधूंनी कागद वाचला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि घटाला माळ घालण्यास निघून गेले. नवरात्राचे पहिले तीन दिवस घरात या विषयावर कोणी बोलले नाही. दुकानाच्या गळक्या छपरासाठी जमवलेले चाळीस हजार तेवढे शिल्लक होते, हे सर्वांस ठाऊक होते. चौथ्या दिवशी आरतीस आलेल्या एका आप्तांनी तोंड उघडले, "अहो, मुलगी आज ना उद्या सासरी जायची. एवढा खर्च कशाला? मोबाईल आहे की तिच्याकडे."

त्यावर आमच्या मातोश्री, वय वर्षे ऐंशी, हातातली वात वळता वळता म्हणाल्या, "माझ्या पाटल्या मोडा. मला शाळेत घातलं नव्हतं, तेव्हाही असंच कुणीतरी बोललं होतं."

वहिनींच्या डोळ्यांस पाणी आले. बंधू मात्र रागावले, आणि तो राग आप्तांवर नव्हता, असे आम्हांस वाटते. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा घरात एकच मोबाईल होता. तो दिवसा धाकट्या मुलाकडे असे, कारण तो ऐकत नसे. मुलगी समंजस, ती रात्री मैत्रिणींनी पाठवलेली छायाचित्रे पाहून वही उतरवी. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नव्हते. त्या रात्री दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी ते आम्हांस सांगितले आणि विचारले, "आता तू शहाणा म्हणून सांग, घेऊ की नको?"

आम्ही शहाणे नाही, परंतु चौकशी करणे आम्हांस साधते.

लेकराच्या हाती संगणक दिला की विद्या आपोआप येते काय, हा प्रश्न जगाने मोठ्या प्रमाणावर विचारून पाहिलेला आहे. २००५ साली अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांनी प्रत्येक मुलास शंभर डॉलरचा लॅपटॉप देण्याची कल्पना जगापुढे मांडली. तिचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील एका धनगरवाड्याच्या शाळेत झाला. (शंभर डॉलरचा तो लॅपटॉप प्रत्यक्षात शंभरात कधी मिळाला नाही, हे जाता जाता सांगावयास हवे.) दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने असे लक्षावधी लॅपटॉप वाटले. सुमारे तीनशे शाळा तपासून २०१२ साली जो अहवाल निघाला, त्यात गणित व भाषा यांत मुलांची प्रगती झाल्याचे आढळले नाही. बुद्धीच्या सर्वसाधारण चाचण्यांत मात्र थोडी सुधारणा दिसली. रुमानियात सरकारने गरीब कुटुंबांस घरी संगणक घेण्यासाठी दोनशे युरो दिले. तेथील अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला : मुले संगणकात तरबेज झाली आणि शाळेतील गुण घसरले. तथापि ज्या घरी गृहपाठाविषयी आईवडिलांचे नियम होते, तेथे ही घसरण कमी होती.

बंधूंनी हे सारे ऐकून घेतले आणि लगेच म्हणाले, "म्हणजे नकोच तर."

येथेच चूक होण्याचा संभव असतो. पेरूतील मुले प्राथमिक शाळेतली. त्यांना यंत्र मिळाले, पण त्या यंत्राने काय शिकावयाचे हे ठरलेले नव्हते. धाकट्या चिरंजीवांनीही बहिणीचा कागद पाहून आपली मागणी पुढे केली होती. तो आठवीत. त्याच्या बाबतीत आम्ही निःशंकपणे नको म्हटले. परंतु जी मुलगी संगणकाचीच विद्या घेण्यास गेली, तिला संगणक नाकारणे म्हणजे सुताराच्या मुलास रंधा नाकारण्यासारखे होय. खंडेनवमीस आपण हत्यारे का पुजतो? हत्यारावाचून कारागिराचा हात रिकामा, म्हणूनच ना? प्रश्न घ्यावा की न घ्यावा हा नव्हताच. प्रश्न ९४ हजारांचा होता.

पुतणीस आम्ही विचारले, "बाळ, हाच का?" ती म्हणाली, "काका, वर्गात बऱ्याच जणांकडे हाच आहे."

उत्तर प्रामाणिक होते. मग तिनेच वरच्या वर्गातील दोन विद्यार्थिनींस दूरध्वनी केला, महाविद्यालयातील एका अध्यापकांस विचारले आणि उत्तरे वहीत लिहून काढली. पहिल्या दोन वर्षांत सी, पायथन यांसारख्या भाषांतील आज्ञावली लिहावयाच्या असतात. त्यास फार बलाढ्य यंत्र लागत नाही. स्मृती, म्हणजे रॅम, आठ जीबीवर चालते, सोळा असल्यास चार वर्षे निश्चिंती. साठवण जुन्या फिरत्या तबकडीची नको, एसएसडी हवी. कळफलक चांगला हवा, वजन कमी हवे, कारण ते ओझे रोज पाठीवर न्यावयाचे. किंमत वाढवणारा मुख्य भाग म्हणजे निराळे ग्राफिक्स कार्ड; ते मोठमोठ्या खेळांसाठी आणि काही विशेष कामांसाठी लागते. ती कामे पुढे आलीच तर महाविद्यालयाची प्रयोगशाळा आहे.

जुना लॅपटॉप घ्यावा, असेही एकाने सुचवले. सूचना वाईट नव्हती. पण विंडोज १० या प्रणालीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे दसऱ्यानंतर बाराच दिवसांनी, संपणार होता. फार जुनी यंत्रे विंडोज ११ स्वीकारत नाहीत. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते व तशा यंत्रावरही चालते, परंतु नवशिक्या मुलीने पहिल्याच वर्षी दुरुस्तीत वेळ घालवावा हे आम्हांस रुचले नाही.

त्या वर्षी घटस्थापनेच्याच दिवशी, २२ सप्टेंबरला, वस्तू व सेवा कराचे नवे दर लागू झाले होते. लॅपटॉप स्वस्त होईल, असे दुकानात येणारा जो तो बंधूंना सांगे. तसे काही झाले नाही. लॅपटॉपवरील कर पूर्वीप्रमाणे १८ टक्केच राहिला. ९४ हजारांत सुमारे १४ हजार कराचेच होते. एका विक्रेत्याने बिनव्याजी हप्त्यांची गोड भाषा केली. प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट किती, हे दोन प्रश्न विचारताच व्याज कोठे लपले आहे ते दिसून आले.

अष्टमीच्या रात्री देवीपुढे बसून वही पुन्हा वाचली गेली. तिच्या गरजेचा लॅपटॉप ५२ हजारांत मिळत होता. तेव्हा आम्हांस कौत्स आठवला. त्याच्यापुढे सोन्याची रास होती आणि दाताही आग्रह करीत होता. तरी त्याने विद्येचे जेवढे देणे तेवढेच उचलले. पण कथेचा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. रघुराजाचे भांडार रिते होते, तरी विद्येसाठी आलेला आपल्या दारातून विन्मुख जाऊ नये म्हणून त्याने रथ सज्ज केला. ज्या दसरा चौकात कोल्हापूरकर सोने लुटतात, तेथेच राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा आहे. खेड्यांतील मुलांना शहरात राहून शिकता यावे म्हणून १९०१ पासून त्यांनी वसतिगृहे उभी केली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया ही क्षुल्लक रक्कम नव्हे.

बंधूंनी छपराच्या पैशांतून पस्तीस हजार काढले. उरलेले सतरा आम्ही दिले. दिवाळीच्या विक्रीतून फेडीन, असे त्यांनी आमच्याकडून वदवून घेतल्यावरच ते स्वीकारले. छपरावर त्या पावसाळ्यापुरते ताडपत्रीचे काम भागले. पाटल्या मातोश्रींच्या हातातच राहिल्या, याबद्दल त्या किंचित रुष्टच झाल्या. वहिनींनी एकच अट घातली : रात्री अकरानंतर झाकण बंद. वसतिगृहात पाहावयास कोण येणार, असे धाकटा म्हणाला, तेव्हा मुलगीच म्हणाली, "मी आहे ना."

दसऱ्याच्या सकाळी पाटावर पोथ्या, दुकानाची तागडी, बंधूंची खातेवही आणि मधोमध ते नवे यंत्र मांडले. शेजारी जुनी दगडी पाटी होती. तिच्यावर मातोश्रींनी एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली. अक्षरे त्यांना उशिरा आली, पण ही आकृती त्या लहानपणापासून काढीत आल्या आहेत. झेंडूचे फूल लॅपटॉपच्या कळांवर ठेवावे की झाकणावर, यावर थोडा वाद झाला. झाकणावर ठेवले.

पूजा होईपर्यंत त्यास कोणी हात लावावयाचा नव्हता. नैवेद्य दाखवून झाल्यावर मुलीने झाकण उघडले, मराठी कळफलक शोधण्यास बराच वेळ घेतला आणि आजीस जवळ बोलावले. पडद्यावर आजीचे पूर्ण नाव होते, माहेरच्या आडनावासह. मातोश्रींनी ते बोट ठेवून एकेक अक्षर वाचले, मग विचारले, "हे पुसलं जात नाही ना?"

"नाही आजी, साठवून ठेवलंय."

दुपारच्या एस.टी.ने तिला कोल्हापुरास जावयाचे होते. बंधू तिला सोडावयास थांब्यावर गेले. बॅग त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतली होती.