तळाची खोली आणि लाटेची चाल

वाऱ्याने उठलेली लाट किनाऱ्याकडे येते तेव्हा पुढे सरकतात ते तिचा आकार आणि तिच्यातील ऊर्जा. पाण्याचे कण मात्र आपापल्या जागी जवळजवळ वर्तुळाकार फिरत राहतात. खाली जावे तसतशी ही वर्तुळे इतकी झपाट्याने आक्रसतात, की तरंगलांबीच्या (म्हणजे लागोपाठच्या दोन शिखरांमधील अंतराच्या) निम्म्या खोलीवर पृष्ठभागावरील हालचालीच्या जेमतेम चार टक्के हालचाल उरते. तळ त्याहून खोल असेल तर लाटेच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच असतो, पण पाणी त्याहून उथळ झाले की तळ लाटेची चाल बदलू लागतो. हा बदल मोजणाऱ्या जलतरंगांच्या रेषीय सिद्धांताला इंग्लंडचे राजखगोलज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८४० च्या दशकात पद्धतशीर रूप दिले. ‘रेषीय’ म्हणण्याचे कारण असे की, लाटेची उंची तिच्या लांबीच्या आणि पाण्याच्या खोलीच्या मानाने अगदी अल्प आहे असे येथे गृहीत धरले जाते. परिणामी अनेक लाटा एकमेकींना न बाधता एकत्र येतात आणि त्यांची नुसती बेरीज करता येते.

खोल पाण्यात लाटेचा वेग केवळ तिच्या आवर्तकालावर, म्हणजे लागोपाठची दोन शिखरे एका जागेवरून जाण्यास लागणाऱ्या वेळेवर, अवलंबून असतो. दहा सेकंदांची लाट तेथे १५६ मीटर लांब असते आणि ताशी सुमारे ५६ किलोमीटर वेगाने जाते. उथळ पाण्यात, म्हणजे खोली तरंगलांबीच्या विसाव्या भागाहून कमी असताना, आवर्तकालाचा हा प्रभाव संपतो आणि वेग म्हणजे गुरुत्वीय त्वरण व खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, एवढेच सूत्र उरते. आवर्तकाल मात्र वाटेत बदलत नाही, कारण जितक्या लाटा येतात तितक्याच पुढे जायला हव्यात. म्हणून वेग घटला की लांबी घटते, आणि तीच लाट दोन मीटर पाण्यात सुमारे ४४ मीटरची होते.

उंचीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. उथळ पाण्यात लाट वाढतच जाते हा सर्वसाधारण समज अपुरा आहे. खोल पाण्यात ऊर्जा शिखरांच्या निम्म्याच वेगाने वाहते, तर उथळ पाण्यात ती शिखरांच्या बरोबरीने चालते. या संक्रमणात ऊर्जेचा वेग आधी किंचित वाढतो, ऊर्जा विरळ होते आणि उंची घटते. दहा सेकंदांच्या लाटेची उंची सुमारे २५ मीटर खोलीवर मूळच्या उंचीपेक्षा नऊ टक्क्यांनी कमी भरते, मग वाढू लागते आणि साधारण नऊ मीटर खोलीवर पूर्ववत होते. खरी वाढ त्याच्याही अलीकडे, किनाऱ्यालगत होते. अतिशय लांब लाटांसाठी जॉर्ज ग्रीन यांनी १८३७ मध्येच नियम दिला होता, की उंची खोलीच्या चतुर्थमूळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते.

शिखररेषेचे एक टोक उथळ पाण्यात आणि दुसरे खोल पाण्यात असेल तर पहिले मागे पडते व रेषा वळते. यालाच अपवर्तन म्हणतात. त्यामुळे तिरप्या आलेल्या लाटाही किनाऱ्याला जवळजवळ समांतर होऊन पोहोचतात. कोकणासारख्या दंतुर किनाऱ्यावर त्यांची ऊर्जा समुद्रात घुसलेल्या भूशिरांवर एकवटते, तर उपसागरांत ती पसरते, म्हणूनच पुळणी बहुधा तेथे साचतात.

२८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे आजच्या पाकिस्तान-इराणमधील मकरानच्या किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाने उठलेली त्सुनामी मुंबईपर्यंत आली, ती मात्र काही तासांनी. त्सुनामीची लांबी शंभर किलोमीटरच्या घरात असू शकते, म्हणून तिच्या लेखी महासागरही उथळच ठरतो. तीन हजार मीटर खोलीत ती ताशी सुमारे ६२० किलोमीटर धावते. मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद पसरलेल्या समुद्रबूड जमिनीवर, सत्तर मीटर पाण्यात, तोच वेग ताशी ९५ किलोमीटरपर्यंत उतरतो आणि ग्रीन यांच्या नियमाने, अन्य घट वगळता, उंची अडीचपट होते. एवढा विलंब मिळणे हे मुंबईचे भौगोलिक सुदैवच.

लाटेची उंची खोलीच्या सुमारे आठ दशांश झाली की लाट फुटते आणि अल्प उंचीचे गृहीतक मोडते. लाट किनाऱ्यावर केव्हा पोहोचेल हे काढण्यास रेषीय गणित पुरेसे आहे. ती जमिनीवर किती आत शिरेल हे ठरवण्यासाठी ते वापरू नये.