सीपॅप सुरू करताय? पहिले दोन आठवडे सोडू नका

स्लीप अ‍ॅप्नियामध्ये झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट वारंवार बंद होते. सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन ती उघडी ठेवते. यात वेगळा ऑक्सिजन नसतो आणि फुप्फुसेही कमजोर होत नाहीत. तरीही बडनेऱ्यातले माझे काही रुग्ण तीन रात्रींतच मशीन कपाटात ठेवतात. मग बीपी आणि गाडी चालवताना डुलकी लागण्याचा धोका तसाच राहतो.

सवय कशी लावाल?

- दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास मास्क लावा.
- ‘रॅम्प’ सुरू ठेवा. दाब हळूहळू वाढतो.
- हवा गळते म्हणून पट्टे आवळू नका. आडवे होऊन मास्क पुन्हा बसवा. तरी गळत असेल तर माप बदलून घ्या.
- घसा कोरडा पडत असेल तर ह्युमिडिफायर वापरा. त्यात डिस्टिल्ड वॉटर घाला, ते रोज बदला.

रात्री लाइट गेली तर?

मास्कला छिद्रे असतात, त्यामुळे घाबरू नका. मास्क काढून ठेवा. उन्हाळ्यापूर्वी इन्व्हर्टरची सोय करा.

मशीन पूर्ण झोपेत वापरा, दुपारच्या झोपेतही. दाब स्वतः बदलू नका. दिवसा झोप येतच राहिली तर गाडी चालवू नका, डॉक्टरांना भेटा.