ढीग, बकेट आणि पायी माणूस: कचरा हलवण्याच्या कामातले गैरसमज

धाराशिव जिल्ह्यात कचरा हलवणारं यंत्र फक्त नगरपालिकेच्या डेपोवर दिसतं असं नाही. कळंब तालुक्यातल्या रांजणीपासून उमरगा तालुक्यातल्या मुरूमपर्यंत साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं, की आवारात लोडर रात्रंदिवस बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, ओढत असतो, प्रेसमड आणि बॉयलरची राख भरत असतो. गावात जुना माळवदी वाडा पाडला, की दगड-मातीचा ढिगारा उपसायला जेसीबी येतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत लागतात. यंत्र इतकं ओळखीचं झालं आहे, की त्याची भीती उरलेली नाही. काही समजुती मात्र पक्क्या बसल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जिवावर बेतणाऱ्या आहेत.

गैरसमज: ऑपरेटर कसलेला असला की झालं, बाकीच्यांनी काळजी करायचं कारण नाही.

ऑपरेटर कितीही तरबेज असो, त्याला यंत्राच्या चारी बाजू दिसत नाहीत. बॅकहो लोडरच्या मागे खोदणारा हात असतो, तो मागची बरीच नजर अडवतो. पुढची बकेट वर उचलली, की समोरचा माणूस तिच्याआड जातो. मोठ्या टिप्परच्या तर अगदी नाकासमोर आणि डाव्या दरवाजाखाली उभा असलेला माणूस चालकाला आरशाशिवाय दिसतच नाही. कचऱ्याच्या ढिगावर यात आणखी भर पडते: आवाज, धूळ, धूर, आणि भंगार-प्लास्टिक वेचणारी माणसं. नवा कचरा उलटला की काच, पत्रा, बाटल्या दुसऱ्याच्या आधी हाती लागाव्यात म्हणून ती बकेटीच्या अगदी जवळ येतात. तिथे त्यांचं पोट आहे. त्यामुळे त्यांना नुसतं ‘बाजूला व्हा’ म्हणून भागत नाही. जगभर कचरा उद्योगात चालत्या वाहनाची धडक हे मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि मरणारा बहुतेक वेळा यंत्रावरचा नसतो, पायी असतो.

उपाय खर्चाचा नाही. यंत्र चालू असताना त्या जागी पायी माणूस नको, आणि माणसं वेचणी करत असताना यंत्र बंद हवं. दोन्ही कामांच्या वेळा वेगळ्या ठेवता येतात: सकाळी गाड्या रिकाम्या होतील, कचरा पसरेल, यंत्र थांबेल, मग वेचणारे येतील. एक माणूस फक्त इशारा देण्यासाठी नेमायचा. त्याने दुसरं काहीही करायचं नाही, आणि रिव्हर्स घेताना ऑपरेटरने फक्त त्याच्याच हाताकडे बघायचं. तो दिसेनासा झाला की यंत्र जागच्या जागी थांबवायचं. पायी माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट याहून सोपी आहे: तुम्हाला ऑपरेटरचे डोळे दिसत नसतील, तर तुम्ही त्याला दिसत नाही.

चमकदार जॅकेट, हातमोजे, बूट, मास्क, रेनकोट ही कुणाची मेहेरबानी नव्हे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला हे साहित्य मिळेल हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. ठेकेदार नेमला म्हणून ती संपत नाही.

गैरसमज: बकेटीत उभं राहायला काय हरकत आहे?

निवडणुकीच्या विजयी मिरवणुकीत आणि जयंतीच्या शोभायात्रेत जेसीबीच्या बकेटीत उभं राहून गुलाल आणि फुलं उधळणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ते पाहूनच डेपोवर, कारखान्यात, बांधकामावर ‘जरा वर उचल’ म्हणायची सवय लागली: टिप्परवर ताडपत्री टाकायला, ढिगावरचं अडकलेलं काही सोडवायला, दिवा बदलायला. बकेट माणसासाठी बनलेलीच नाही. तिला कठडा नाही, पट्टा अडकवायला जागा नाही. ऑपरेटरचा हात लिव्हरला चुकून लागला, तर ती क्षणात पुढे झुकते. ती वर धरून ठेवतं ते तेल, आणि तेलाची नळी फुटायला आधी निरोप देत नाही. मिरवणुकीतली ही प्रथा बंद व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पोरं तिथेच शिकतात.

याच कारणाने उचललेल्या बकेटीखालून जायचं नाही, आणि ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ट्रॉली वर करून तिच्याखाली ग्रीस करायला शिरायचं नाही. आधी भक्कम टेकू लावायचा, मगच हात घालायचा. तेल गळतंय का हे बोट फिरवून बघू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडीत शिरतं. वरून जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत मांस सडायला सुरुवात होते. अशा वेळी मलमपट्टी करून घरी जाऊ नका, काही तासांत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे पोहोचावं लागतं.

गैरसमज: बकेट भरली म्हणजे वजन तेवढंच.

एक घनमीटरची बकेट मोकळ्या बगॅसने भरली तर वजन दीडशे किलोच्या आसपास. तीच माळवदाच्या ओल्या मातीने आणि दगडांनी भरली तर दीड टनाच्या पुढे. बकेट तीच, ऑपरेटर तोच, पण यंत्र मागून उचललं जाऊ लागतं. लोडर पुढच्या चाकांवर तराजूच्या दांडीसारखा तोललेला असतो. म्हणूनच चाकांच्या लोडरला किती भार झेपतो हे ठरवताना, ज्या भाराला तो वळलेल्या अवस्थेत पुढे कलंडेल त्याच्या निम्माच भार सुरक्षित धरतात. हा निम्माही सपाट, कडक जमिनीवरचा हिशोब आहे. कचऱ्याचा ढीग ना सपाट असतो ना कडक. आपल्याकडच्या काळ्या रानात पावसानंतर कड कधी खचेल हे वरून कळत नाही.

भरलेली बकेट जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवून चालवायची, वर धरून नाही. उतारावर बकेट कायम चढाच्या बाजूला हवी: चढताना पुढे तोंड करून, उतरताना मागे घेत. सीटबेल्ट लावायचाच. यंत्र उलटू लागलं की माणूस उडी मारतो आणि केबिनच्याच खाली सापडतो. आत बांधलेला वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

टिप्परचंही तसंच आहे. मऊ किंवा तिरक्या जमिनीवर हौदा वर केला आणि ओला माल एका कडेला चिकटून राहिला, तर गाडी आडवी होते. हौदा वर असताना बाजूला कुणी उभं राहायचं नाही.

गैरसमज: तारेला यंत्र चिकटलं नाही तर शॉक बसत नाही.

उच्चदाबाची वीज हवेतूनही उडी घेते. त्यामुळे महावितरणच्या 11 केव्ही वाहिनीखाली बूम किंवा हौदा उचलायचाच नाही. स्पर्श झालाच, तर ऑपरेटरने केबिनमध्ये बसून राहायचं आणि बाकीच्यांनी लांब राहून वीज बंद करवायची. आग लागली तरच उतरायचं, तेही दोन्ही पाय जोडून उडी मारून. यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी शिवायचं नाही, आणि नंतर पाय न उचलता घासत दूर जायचं.

गैरसमज: ढीग पेटला, तर लोडर घालून उकरला की विझतो.

उकरलं की आतल्या धगीला हवा मिळते, आणि ज्वाला थेट यंत्रावर येते. कचरा सडताना मिथेन तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरते. जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार डेपोला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता आणि ती दिवसेंदिवस धुमसत राहिली.

आपल्या जिल्ह्यात या बाबतीत बगॅसकडे जास्त लक्ष हवं. गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये साधारण निम्मं पाणी असतं आणि थोडी साखर उरलेली असते. जंतूंना दोन्ही हवं असतं. त्यांच्यामुळे मोठ्या ढिगाच्या पोटात उष्णता साठत जाते आणि बाहेरून कुणी काडी न लावताही तो धुमसू शकतो. वाफ किंवा जळका वास आला, तर कडेकडेने थोडा थोडा माल मोकळ्या जमिनीवर ओढायचा, पसरायचा, भिजवायचा. पाण्याचा टँकर आधी हजर हवा, लोडर नंतर. ढिगाच्या पायथ्याशी उकरत गेल्याने वर छज्जा तयार होतो आणि तो एकदम कोसळतो, म्हणून ढिगाचं तोंड बकेट पोहोचेल त्याहून उंच होऊ द्यायचं नाही.

जुन्या, बुरशी आलेल्या बगॅसची धूळ श्वासात गेल्याने फुफ्फुसाचा आजार होतो, त्याला बगॅसोसिस म्हणतात. ताप, खोकला, धाप ही लक्षणं ‘हंगामातली सर्दी’ समजून अंगावर काढली जातात. केबिनच्या काचा बंद ठेवणं, माल ओलसर ठेवणं आणि नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावणं या तिन्ही गोष्टी कारखान्याला सहज जमण्यासारख्या आहेत. तोंडाला गुंडाळलेला टॉवेल बारीक धूळ अडवत नाही.

गैरसमज: ढिगाऱ्याखाली माणूस असेल तर आधी जेसीबी बोलवा.

हा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, कारण तो चांगल्या भावनेतून येतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी आलेल्या भूकंपात किल्लारी आणि या जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात माणसं मेली ती मुख्यतः घरांमुळे: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यावर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. तशी घरं अजून उभी आहेत, आणि सलग पावसात त्यांच्या भिंती आजही पडतात. अशा ढिगाऱ्यात खांब-तुळयांच्या आडोशाने पोकळ्या राहतात आणि अडकलेला माणूस त्यातच जिवंत असतो. यंत्र वर चढलं किंवा बकेट आत घुसली, की ती पोकळी बसते. आधी शांतता करून हाक मारायची, कानोसा घ्यायचा, वरची माती हाताने आणि घमेल्याने उतरवायची. यंत्राने लांब उभं राहून काढलेला माल वाहून न्यायचा. शेवटचा माणूस सापडल्यानंतरच उपसण्याचं काम यंत्राकडे द्यायचं.

पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात: भिंत पडली तर हाताने माती उतरवणारे कोण, यंत्राला इशारा देणारा कोण, आणि वीज बंद करायला फोन कुणी करायचा.