लिनक्स शिकताना नेट रखडतंय? आधी कारण शोधा

नांदेड आणि लातूरच्या वस्त्यांमधल्या विहारांत आणि अभ्यासिकांत संध्याकाळी जमणाऱ्या मुलामुलींसोबत आम्ही काम करतो. त्यांच्यातले काही जण सध्या लिनक्स शिकत आहेत. संगणक सगळ्यांत मिळून एकच आणि तोही जुना. शिष्यवृत्तीचे अर्ज, टायपिंगचा सराव त्याच्यावरच चालतो, म्हणून त्यातली विंडोज काढता येत नाही. मग व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर टाकून त्यात लिनक्स चालवायचं, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

इथपर्यंत सगळं जमतं. मग एखादं पॅकेज डाउनलोड करायला घेतलं की ते तासभर रखडतं. कुणी म्हणतं, आपल्या वस्तीचं नेटच असं. कुणी पदरचे पैसे घालून जास्त डेटाचा रिचार्ज मारतं. आणि कुणी गुपचूप येणं बंद करतं, हे आपलं काम नाही असं समजून. आम्हाला काळजी या शेवटच्याची वाटते.

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर झालं की दुःख दूर होतं, ही शिकवण आपण विहारात रोज ऐकतो. इथेही तीच वापरायची. लिनक्समधून निघालेली माहिती आधी आभासी नेटवर्क कार्डातून जाते, मग विंडोजमधून, मग राउटर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटमधून बाहेर पडते. अडथळा यांपैकी कुठे आहे, ते क्रमाने तपासायचं.

१. आधी विंडोजचा वेग मोजा. एकच फाइल आधी विंडोजमध्ये आणि लगेच लिनक्समध्ये डाउनलोड करा. दोन्हीकडे सारखीच हळू असेल तर दोष लिनक्सचा नाही, लाइनचा आहे. इथे एक गफलत नेहमी होते. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं. ८ बिटांचा १ बाइट होतो. म्हणजे ४० मेगाबिटच्या लाइनवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट येणार. त्यात बिघाड काहीच नाही.

२. फक्त लिनक्स हळू असेल तर मेमरी बघा. टर्मिनलमध्ये 'टॉप' ही आज्ञा द्या. प्रोसेसर सतत भरलेला असेल किंवा स्वॅप वापरात असेल, तर नेट नव्हे, यंत्रच दमलेलं आहे. विंडोजमधला ब्राउझर बंद करा, लिनक्सची हलकी आवृत्ती घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसत असेल, तर विंडोजचं हायपर-व्ही आड येत आहे आणि सगळंच मशीन मंदावतं. ते बंद करण्याआधी जाणकाराला विचारा, कारण दुसरी काही सॉफ्टवेअर त्यावर अवलंबून असू शकतात.

३. नाव आणि अंक वेगळे तपासा. 'पिंग' आज्ञेने ८.८.८.८ या पत्त्याला हाक मारा (अंक इंग्रजीत टाका). उत्तर झटकन येतं, पण संकेतस्थळाचं नाव टाकल्यावर सुरुवातीलाच खोळंबा होतो, तर दोष डीएनएसचा. नेटवर्क सेटिंगमध्ये दुसरा डीएनएस पत्ता देऊन बघा. आणि बाकी सगळं वेगात असून फक्त पॅकेज रखडत असतील, तर उबुंटूच्या सॉफ्टवेअर सेटिंगमध्ये डाउनलोडचा सर्व्हर बदला.

४. आभासी कार्ड बदला. व्हर्च्युअलबॉक्स बहुधा इंटेलच्या एका जुन्या कार्डाची हुबेहूब नक्कल करतं. त्या नक्कलीत प्रोसेसरची ताकद खर्च होते. मशीन पूर्ण बंद करा आणि नेटवर्कच्या प्रगत सेटिंगमध्ये अडॅप्टरचा प्रकार 'व्हर्टआयओ' निवडा. हे कार्ड आभासी मशीनसाठीच बनवलेलं आहे आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतो. केबलने जोडलेल्या संगणकावर 'नॅट'ऐवजी 'ब्रिज्ड' करून बघता येईल. वायफायवर मात्र ब्रिज्ड कधी कधी चालत नाही, तिथे नॅटच बरं.

५. खात्री करा. 'आयपर्फ' हे साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हींत टाकलं की त्या दोघांमधला वेग मोजता येतो, तोही नेटचा डेटा न खर्चता. इथे वेग भरपूर आला, तर अडथळा बाहेर आहे हे पक्कं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. आधीचा वेग आणि नंतरचा वेग वहीत लिहून ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. ती वही अभ्यासिकेतच ठेवा, पुढच्या मुलीला तेवढंच पुन्हा शोधावं लागणार नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. इंटरनेटवरचे बहुतेक सर्व्हरही त्यावरच चालतात. ते सांभाळण्याची कामं आहेत आणि ती शिकायला पुण्याला खोली करून राहावंच लागतं असं नाही. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, कारण मराठवाड्यातल्या मुलांना शिक्षण त्यांच्या भागात मिळायला हवं होतं. आज आपल्या विहारातला तो एक जुना संगणकही त्याच वाटेवरचा आहे. तो हळू चालतो म्हणून कुणी उठून जाऊ नये, एवढंच आपण बघायचं आहे.

जय भीम, नमो बुद्धाय!