मंदिराच्या वाटेवरील मूर्ति

नाशिकच्या पंचवटींत काळ्या पाषाणाची राममूर्ति आहे. तिच्यापुढें हात जोडणारा मनुष्य शिल्पकाराचें नांव विचारीत नाहीं. प्राणप्रतिष्ठा झाली म्हणजे घडविणाराचा हात दृष्टीआड होतो व देवच उरतो. प्रदर्शनांतील मूर्तीची गोष्ट निराळी. तेथें हार नाहीं, नैवेद्य नाहीं. पाहणाराच्या मनांत जो भाव उठावयाचा, तो केवळ घडणीच्या बळावर उठला पाहिजे. धर्म व पुराण यांवरील शिल्पें प्रदर्शनांत मांडणाराची खरी कसोटी ती हीच.

या कसोटीस उतरलेले शिल्पकार म्हणजे गणपतराव काशिनाथ म्हात्रे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत शिकत असतांना त्यांनीं घडविलेली 'मंदिरपथगामिनी' 1896 सालीं बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनांत मांडली गेली व तिला पदक मिळालें. सर जॉर्ज बर्डवुड यांनीं तिची वाखाणणी केली. रवींद्रनाथ ठाकूर यांनीं तिच्यावर बंगालींत लेख लिहिला. पुढें सरस्वती, शबरीच्या वेषांतील पार्वती अशीं पौराणिक शिल्पेंहि म्हात्रे यांनीं केलीं. 1947 सालीं ते निवर्तले.

ही मूर्ति पाषाणाची नव्हे, प्लॅस्टरची. अशी मूर्ति करतांना प्रथम लोखंडी सांगाड्यावर ओली माती चढवून आकार देतात. माती तडकूं नये म्हणून ओलीं फडकीं गुंडाळून ठेवावीं लागतात. आकार पुरा झाला कीं त्यावर प्लॅस्टरचा साचा घेतात, आंतली माती काढतात व त्या पोकळींत पुन्हां प्लॅस्टर ओततात. शेवटीं साचा जपून फोडला म्हणजे मूर्ति बाहेर येते. पाथरवट दगड काढीत काढीत आकारापर्यंत पोहोंचतो. हा कारागीर माती घालीत घालीत. चुकलेली माती पुन्हां लावतां येते, तुटलेला दगड जोडतां येत नाहीं. म्हणून वस्त्राची नाजुक चुणीहि मातींत निर्भयपणें साधतां येते.

कलाशाळेंत अभ्यासासाठीं ग्रीक मूर्तींचे नमुने असत. तशा शिक्षणांतून निघालेल्या हातानें घडविली मात्र नऊवारी लुगडें नेसून पूजासाहित्यासह निघालेली मराठी तरुणी. शिल्पांत देव नाहीं, देऊळहि नाहीं. तरी तिच्या चालण्यावरून दोहोंची कल्पना येते. श्रद्धा दाखविण्यास चार हात वा मुकुट लागतोच असें नाहीं, हें या कृतीनें सिद्ध केलें.

परंतु मंदिराची वाट सर्वांस सारखी मोकळी नव्हती. 1930 सालच्या 2 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं याच पंचवटींतील काळाराम मंदिरांत प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानलेल्या हजारों स्त्रीपुरुषांपुढें दारें बंद राहिलीं. लढा वर्षानुवर्षें चालला, तरी तीं उघडलीं नाहींत. 1935 च्या ऑक्टोबरांत नाशिक जिल्ह्यांतीलच येवलें येथें बाबासाहेबांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं अशी घोषणा केली. प्लॅस्टरच्या भाविक तरुणीचें कौतुक झालें. जिवंत माणसें मात्र उंबऱ्यावरून परतलीं.

यास्तव पुराणांतील शबरी शिल्पांत पाहून ज्याचे डोळे पाणावतात, त्यानें आपल्या गांवच्या देवळाचा उंबरठाहि एकदां न्याहाळावा. शबरीचीं बोरें गोड मानावयाचीं आणि तिच्या लेकरांस दारांत अडवावयाचें, हें कोणत्याहि कलेस सांधतां येणार नाहीं.