लॅपटॉप तापतोय? आधी पोट बघा

बहुतेक लॅपटॉप हवा पोटाखालून ओढतात; गादीवर ठेवला की ती वाटच बंद. प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणून 'फार हळू चालतो' ही तक्रार पुष्कळदा उष्णतेचीच असते. पंखा आणि त्याच्यापुढच्या पातळ धातूच्या पट्ट्या यांच्यामध्ये धुळीचा नमदा बसतो. तो हवेच्या फवाऱ्याने काढताना मशीन बंद ठेवा, पातं काडीने अडवून धरा. भन्नाट फिरलं तर बेअरिंग जातं. सुकलेली थर्मल पेस्ट बदलणं मात्र कारागिराचं काम. ॲपल मॅकबुकसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश सांगते. मे महिन्यातल्या नागपुरात ते एसीशिवाय आणायचं कुठून? टचपॅड वर आलेला दिसला तर बॅटरी फुगलीय: चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवू नका.