किंबर्लाइट पूर्वेक्षण

किंबर्लाइट पूर्वेक्षण : हिरे असण्याचा संभव असलेल्या किंबर्लाइट खडकाच्या राशी शोधून त्यांचे आर्थिक मूल्य ठरविण्याची प्रक्रिया. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्ली या गावावरून खडकाला हे नाव पडले. हिरे या खडकात बनत नाहीत. ते प्रावरणात सु. १५० किमी. वा त्याहून अधिक खोलीवर तयार होतात आणि शिलारसाबरोबर वर येतात. त्यामुळे किंबर्लाइट आढळला, तरी त्यात हिरे असतीलच असे नाही.

किंबर्लाइटाच्या राशी खाली निमुळत्या होणाऱ्या नळांच्या वा भित्तींच्या रूपात असतात. खडक लवकर झिजत असल्याने तो उघडा क्वचितच दिसतो. म्हणून प्रथम ओढ्या-नाल्यांतील वाळू धुऊन पायरोप गार्नेट, क्रोम डायोप्साइड, मॅग्नेशियमयुक्त इल्मेनाइट व क्रोमाइट ही निदर्शक खनिजे शोधतात. क्रोमियम विपुल व कॅल्शियम अल्प असलेले गार्नेट विशेष आशादायक मानतात. मात्र उष्ण, दमट हवामानात गार्नेट विघटित होऊन हा माग तुटू शकतो. यानंतर चुंबकीय, विद्युत् व गुरुत्वीय सर्वेक्षण करून छिद्रे घेतात.

मूल्यमापनासाठी आधी लहान नमुन्यांतील सूक्ष्म हिरे मोजतात. नंतर मोठा नमुना दळून घन माध्यमाने जड खनिजे वेगळी करतात व क्ष-किरणांत चमकणारे हिरे निवडतात. उत्पन्न शंभर टनांमागे कॅरटांत सांगतात. मध्य प्रदेशातील पन्नाजवळच्या मझगवान नळात ते सु. १० कॅरट, म्हणजे केवळ २ ग्रॅम आहे. खडकाच्या पाच कोटी भागांत एक भाग हिरा. (हा नळ पूर्वी किंबर्लाइट मानीत; आता त्याच्या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत.) हिऱ्यांचा आकार व दर्जा यांवरही खाणीचे भवितव्य अवलंबून असते.

महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे पूर्वी हिऱ्यांच्या खाणी होत्या. आईन-इ-अकबरीत त्यांचा उल्लेख आहे. हे हिरे वाहून आलेल्या दुय्यम निक्षेपांतील होत. हिरा कठीण असल्याने उगमापासून दूरवर टिकतो. म्हणून जुन्या खाणींची ख्याती हा मूळ नळाचा पुरावा ठरत नाही. तथापि वैरागड प्राचीन बस्तर भूखंडावर असून त्याच भूखंडावर छत्तीसगढमधील बेहराडीह व पायलीखंड येथे हिरेयुक्त किंबर्लाइट आढळले आहेत. बेहराडीहचा नळ सु. ६.५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे साधारणपणे दक्षिण ट्रॅपच्या काळातील आहे.

राज्याचा बहुतेक भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाखाली दडला आहे. पिंपरी-चिंचवड व चाकण हा औद्योगिक पट्टाही त्यातच मोडतो. कोयना परिसरात एका छिद्रात सु. ९३३ मी. जाडीच्या बेसाल्टाखाली प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागले. अशा प्रदेशात बेसाल्टाहून जुने नळ असले, तरी त्यांची निदर्शक खनिजे नाल्यांत उतरत नाहीत आणि बेसाल्टाच्या स्वतःच्या चुंबकत्वामुळे नळाचे संकेत झाकले जातात. त्यामुळे महाराष्ट्रात पूर्वेक्षणाला खरा वाव बेसाल्टाबाहेरील पूर्व विदर्भातच आहे.